टाकलेल्या मुलांचे घर

कारकुनी पेशातल्या आम्हांस कोणत्याही संस्थेच्या कीर्तीपेक्षा तिचे दप्तर अधिक बोलके वाटते. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या दप्तरात तर नोंदींच्या जोडीला चिंध्या टाचलेल्या आहेत. नाव हॉस्पिटल असले तरी ते रुग्णालय नव्हे. टाकलेल्या अर्भकांचे ते आश्रयस्थान होते. मूल आत घेताना आईने दिलेला किंवा बाळाच्याच कपड्यातून कापलेला कापडाचा तुकडा नोंदीच्या कागदाला जोडीत. मुलाला नाव नवे मिळे. आई कधी परत आलीच, तर ओळख पटावी ती ह्या तुकड्यावरून. १७४१ ते १७६० ह्या काळातील असे सुमारे ५ हजार तुकडे अद्यापि जपलेले आहेत.

ह्या संस्थेचा जनक टॉमस कोरम हा अमेरिकेत जहाजे बांधून आलेला दर्यावर्दी गृहस्थ. लंडनच्या रस्त्याकडेला टाकलेली अर्भके पाहून त्याचे मन अस्वस्थ झाले. अशा मुलांना आश्रय देणे म्हणजे अनीतीस उत्तेजन, असे म्हणणाऱ्या प्रतिष्ठितांचे उंबरठे त्याने सतरा वर्षे झिजवले. आधी उमराव घराण्यांतील स्त्रियांच्या सह्या मिळाल्या आणि १७३९ मध्ये दुसऱ्या जॉर्ज राजाची सनद हाती आली. २५ मार्च १७४१ च्या रात्री भाड्याच्या घराचे दार उघडले. ३० मुले होताच ते मिटावे लागले. पुढे तर आयांना पिशवीत हात घालून चेंडू काढावा लागे. पांढरा निघाला तर मूल आत, काळा निघाला तर परत, तांबडा निघाला तर थांबायचे.

आश्रयदात्यांत कलावंतही होते. चित्रकार होगार्थ ह्याने कोरमचे चित्र काढून संस्थेस दिले. संगीतकार हॅंडेल ह्याने १७५० पासून आपल्या ‘मेसाया’ ह्या रचनेचे प्रयोग संस्थेसाठी वर्षानुवर्षे केले, आणि मृत्युपत्रात तिची एक प्रत संस्थेच्या नावे लिहून ठेवली. १७५९ मध्ये तो वारला, तरी हे प्रयोग १७७७ पर्यंत चालू राहिले.

अशा दानाचे मोल पुढच्या प्रकरणावरून कळते. १७५६ मध्ये पार्लमेंटने १० हजार पौंड मंजूर केले. अट एवढीच, की येईल ते मूल नाकारू नये. हेतू उदार होता. पहिल्याच दिवशी ११७ मुले आली, आणि चार वर्षांच्या आत सुमारे १५ हजार. दूरदूरच्या गावांहून अर्धमेली अर्भके लंडनला पाठवली जाऊ लागली. पैसा हुकमाने आला, पण अंगावर पाजणाऱ्या दाया हुकमाने कोठून याव्यात? त्या १५ हजारांतील दोन-तृतीयांशांहून अधिक मुले दगावली. १७६० मध्ये ती खुली भरती बंद झाली.

संस्थेची मूळ रीत संथ होती. अर्भक खेड्यातल्या दाईकडे, पाचव्या वर्षाच्या सुमारास परत संस्थेत, मग थोडे शिक्षण, पुढे एखाद्या कारागिराच्या किंवा घरधन्याच्या हाताखाली उमेदवारी. त्या रीतीतही क्रौर्य होतेच. जिला आई म्हटले, तिच्यापासून पाच वर्षांच्या पोराला तोडून आणीत. तथापि एका मुलामागे वीस वर्षे उभे राहावे लागते, हे तिला ठाऊक होते. आई परत येईल ह्या आशेवर विसंबण्यासारखे नव्हते. १७६० पर्यंत घेतलेल्या १६,२८२ मुलांपैकी पालकांनी परत नेली ती अवघी १५२.

कोरमला १७४२ च्या सुमारास स्वतःच्याच संस्थेच्या कारभारातून दूर व्हावे लागले. १७५१ मध्ये तो वारला व संस्थेच्या प्रार्थनामंदिरात विसावला. १९२६ मध्ये मुले लंडनबाहेर हलवली गेली, १९५४ मध्ये वसतिगृह मिटले. पण त्याच्या नावाने मुलांसाठीचे काम आजही चालते. जुन्या जागेवर मुलांचे क्रीडांगण आहे. मूल सोबत असल्यावाचून प्रौढाला तेथे प्रवेश नाही.

अनुदानाचे कागद आम्हा मंडळींच्या हातून नित्य जातात. मार्चअखेर रक्कम खर्ची पडली, की फाइल बंद होते. ते पाजणारे हात पुढल्या वर्षी असतील काय, हा प्रश्न कोणत्याच रकान्यात नसतो. तो समासात तरी लिहावा, असे आम्हांस वाटते.