पाणी पाहून गाळणी : सावरगावच्या निमित्ताने

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे सावरगावचे नाव दूरवर पोहोचले आहे. जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा, तर दुसऱ्या तीरावर सावरगाव. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याचा हा मराठीभाषक, संत्र्यांच्या बागांचा परिसर बेसाल्टच्या काळ्या खडकावर वसला आहे.

पावसाचे पाणी या खडकाच्या भेगांतून मुरताना कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. त्यामुळे बेसाल्ट प्रदेशातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी सहसा जड असते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर चढतो. या त्रासाला कंटाळूनच पुष्कळदा घरात आरओ यंत्र येते. वास्तविक जडपणा हा आरोग्यापेक्षा सोयीचा प्रश्न अधिक. भारतीय मानक १०५०० नुसार एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो. विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, मर्यादा अशीच ५०० व २००० आहे. घरगुती आरओ लिटरभर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन ते तीन लिटर पाणी सांडून देते. उन्हाळ्यात टंचाई सोसणाऱ्या गावांना हा हिशेब परवडणारा नाही. टीडीएस ५०० हून कमी असेल तेथे आरओवर बंदी घालण्याचे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिले होते. गोव्याच्या जांभ्या खडकातील पाणी तर मुळातच मृदू असते. खाऱ्या पाण्याचा शिरकाव झालेल्या खाडीकाठच्या विहिरी वगळल्यास येथे आरओचे प्रयोजन क्वचितच उरते.

पावसाळ्यात खरा धोका जंतूंचा. मेणबत्तीची गाळणी गाळ व बरेचसे जिवाणू अडवते, परंतु काविळीचे विषाणू तिच्यातून निसटतात. अतिनील किरणांचे यंत्र विषाणूही मारते. मात्र पाणी गढूळ असल्यास कणांच्या आडोशाला जंतू वाचतात. म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळावे, गाळावे आणि मग खळखळ उकळी येऊन मिनिटभर उकळावे. सर्वांत जुना हा उपाय आजही सर्वांत भरवशाचा आहे.

उकळण्यालाही एक मर्यादा आहे. खतांच्या अतिवापराने विहिरीत उतरणारे नायट्रेट चवीला वा वासाला कळत नाही आणि उकळल्याने उलट अधिक दाट होते. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेले पाणी वरच्या दुधात मिसळल्यास तान्ह्या बाळाच्या रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व अंग निळसर पडते. अशा ठिकाणी मात्र आरओच उपयोगी.

यासाठी यंत्र घेण्यापूर्वी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना संचाद्वारे पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. जंतूंच्या तपासणीची कुपी तर अगदी सोपी : पाणी भरून ठेवावे, एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर दूषित समजावे.