गुरुजींच्या हातातले साधन

वर्गात संगणक आला, भिंतीवर पडदा आला, की आपण म्हणतो, शिक्षणात नवे युग आले. इतिहास शिकविणाऱ्याला अशा वेळी जरा मागे वळून पाहण्याची खोड असते. आजवर कोणती साधने वर्गात आली, कोणती टिकली आणि जी गेली ती का गेली, हे पाहिले म्हणजे आजच्या शिक्षकाला निवडीसाठी काही धागा हाती लागतो.

आरंभ धुळीपासूनच करू. पंतोजींच्या शाळेत मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवीत. दक्षिणेत हेच काम वाळूवर चाले. १७८९ साली मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमाचा कारभार अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याकडे आला. एका मलबारी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि ती रीत आपल्या आश्रमात आणली. तिथल्या शिक्षकाला ती काही मानवेना. तेव्हा बेलने एका मोठ्या मुलाकडून लहानांना शिकवून घेतले. १७९७ साली त्याने ही हकीकत लंडनमध्ये छापली आणि पुढे इंग्लंडात या पद्धतीच्या कितीतरी शाळा निघाल्या. वाळूत असे होते तरी काय? कागद महाग, वाळू फुकट. अक्षर चुकले तर हात फिरवावा आणि पुन्हा काढावे. अडचण नेमकी होती, म्हणून उपायही नेमका बसला.

विसाव्या शतकात यंत्रे आली. पुस्तके लवकरच शाळेतून हद्दपार होतील आणि चित्रपट त्यांची जागा घेतील, असे भाकीत एडिसनने १९१३ साली केले. पुस्तके कुठे गेली नाहीत, हे आपण पाहतोच. पुढे नभोवाणीने शाळांसाठी कार्यक्रम दिले. चांगला आवाज, चांगला वक्ता खेड्यातल्या मुलापर्यंत पोचला, ही गोष्ट लहान नव्हे. पण इथेच हेही कबूल केले पाहिजे, की नभोवाणीचा आवाज स्वतःच्या वेळेला येतो आणि स्वतःच्या वेळेला जातो. मागच्या बाकावरच्या मुलाला ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याची सोय त्यात नाही.

मग आला उपग्रह. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन आपल्या देशाने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शन पोचविले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम असत. प्रयोग धाडसी होता, त्यातून पुष्कळ शिकताही आले. पण वर्ष सरले आणि उपग्रह परत गेला. १९८४ मध्ये निवडक शाळांना संगणक मिळाले. २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ सोडला. २०१० मध्ये त्याचेही काम संपले. हेतू सर्वांचाच चांगला. मात्र यांतले एकही साधन वर्गातल्या शिक्षकाने निवडलेले नव्हते. ते वरून आले, आणि वरचा आधार सुटला तसे थांबले.

आता दुसरे टोक पाहा. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी आहे. २००९ मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले शिक्षक म्हणून आले. पाठ्यपुस्तकाची भाषा एक आणि पुष्कळ मुलींच्या घरची भाषा, कन्नड, निराळी. पुस्तक हातात असून मुलीला ते परके. ‘क्यूआर कोड’ हा चौकोनी ठसा जपानात १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघाला होता. डिसले गुरुजींनी तो पाठ्यपुस्तकात आणला. ठशावर फोन धरावा, की कविता ऐकू येते, धडा आपल्या भाषेत समजतो. आणि हवा तितक्या वेळा! २०१७ मध्ये राज्याने ही कल्पना आपल्या पाठ्यपुस्तकांसाठी उचलली. ३ डिसेंबर २०२० रोजी गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

तसेच ‘जिओजेब्रा’चे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास तो रचायला घेतला. पडद्यावर त्रिकोणाचे टोक ओढावे, कोन बदलतात, बेरीज १८० अंशच राहते. फळ्यावरच्या आकृतीला हे साधत नाही, म्हणून हे साधन वर्गात शोभते. शिक्षकाला त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, हे आणखी बरे.

पण २०२० ची टाळेबंदीही विसरू नका. त्या दिवसांत ज्या घरी फोन नव्हता, त्या घरच्या मुलाला शाळाच नव्हती. साधन कितीही गुणी असो, ते ज्याच्यापर्यंत पोचत नाही, त्याच्या दृष्टीने ती बंद दारच होय.

तेव्हा शिक्षकमित्रहो, नवे काय निघाले आहे, हा प्रश्न मागून विचारा. माझी मुले नेमकी कुठे अडतात, हे आधी पाहा. मग विचारा: या साधनाने ती अडचण सुटते का? मुलाला थांबता येते का, पुन्हा पाहता येते का? वीज गेली तर तास चालेल का? आणि वर्गातले शेवटचे मूल यात आहे ना? एवढे पारखून घ्यायला शिक्षकाला वेळ लागतो. शाळा चालविणाऱ्यांनी यंत्रे घेण्याआधी तो वेळ त्याला द्यावा. नाहीतर यंत्रे कपाटात जातील आणि अडलेले मूल तिथेच अडलेले राहील.