जेन फ्रँकलिन मेकम : कुलवृत्तांतातील स्त्रीचे स्थान

वसाहतकालीन अमेरिकेतील स्त्रीच्या कुलेतिहासाचा शोध घेताना अभ्यासकासमोर पहिली अडचण उभी राहते ती साधनांची. तत्कालीन इंग्रजी कायद्यानुसार विवाहित स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होत असे. त्यामुळे खरेदीखते, करार, मृत्युपत्रे यांत तिचे नाव क्वचितच आढळते. विवाहानंतर आडनावही बदलते. जेन मेकम हिचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

जेनचा थोरला बंधू बेंजामिन फ्रँकलिन याने १७५८ मध्ये इंग्लंडमधील एक्टन या पूर्वजांच्या गावी जाऊन चर्चची नोंदवही तपासली. तीत १५५५ पासूनच्या नोंदी होत्या. आपण पाच पिढ्यांच्या धाकट्या पुत्राचे धाकटे पुत्र आहोत, असे त्याने १७७१ मध्ये लिहावयास घेतलेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. ही गणना अर्थातच पुत्रांची. जोसाया फ्रँकलिनच्या सतरा अपत्यांत बेंजामिनच्या पाठीवर दोन मुली झाल्या होत्या. त्यांपैकी धाकटी जेन (जन्म २७ मार्च १७१२). आत्मचरित्रात या दोघी केवळ संख्येपुरत्या येतात. आई अबाया हिची ओळखही पीटर फोल्जरची कन्या अशीच करून दिली आहे. आजी मेरी मॉरिल, जी करारबद्ध सेविका म्हणून अमेरिकेत आली होती, तिचे नावही तेथे नाही. मातृवंश एका पिढीतच थांबतो.

जेनचा विवाह १७२७ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, खोगिरे तयार करणाऱ्या एडवर्ड मेकमशी झाला. तिने कागदांच्या घड्या घालून, त्या शिवून एक लहानशी वही केली व तिला 'बुक ऑफ एजेस' (वयांची वही) असे नाव दिले. तीत विवाह, जन्म आणि मृत्यू यांच्या तारखा आहेत. भावनेचे शब्द अत्यल्प. प्रथम पुत्र जोसाया ४ जून १७२९ रोजी जन्मला आणि वर्षाचा होण्याआधीच, १८ मे १७३० रोजी, निवर्तला. पुढे १७४३ मध्ये जन्मलेल्या मुलालाही तेच नाव ठेवले गेले. केवळ नावावर विसंबून वंशावळ मांडणारा अभ्यासक येथे हमखास फसावा. आईने लिहून ठेवलेल्या तारखाच दोन्ही जोसाया वेगळे राखतात. १७२९ ते १७५१ या काळात झालेल्या बारा अपत्यांपैकी अकरा जेनच्या हयातीतच मृत्यू पावली.

भावाबहिणीचा पत्रव्यवहार कार्ल व्हॅन डोरेन याने १९५० मध्ये संपादित केला, तर जिल लेपोर यांनी २०१३ मध्ये याच वहीचे नाव देऊन जेनचे चरित्र लिहिले. बेंजामिनची पत्रे तुलनेने अधिक टिकली, जेनची बरीच गहाळ झाली. जतन कोणाच्या कागदांचे होते, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

१७६५ मध्ये जेन विधवा झाली. बेंजामिनने बोस्टनमधील घर मृत्युपत्राद्वारे (तो १७९० मध्ये वारला) तिच्या नावे केले आणि पती हयात नसल्याने तिलाही पुढे स्वतःचे मृत्युपत्र करता आले. १७९४ मध्ये तिचे निधन झाले. ते घर १९३९ मध्ये पाडण्यात आले. वही मात्र बोस्टनमधील वंशेतिहास संस्थेच्या संग्रहात आहे.