कलम ६४अ : व्यसनीला दिलेली सूट

अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस अधिनियम १९८५चा. त्यातल्या या कलमाला आजचे रूप २००१च्या दुरुस्तीने आले. आशय तुकड्यातुकड्याने घेऊ.

*कलम २७ खालील किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेला कोणताही व्यसनी...*

कलम २७ म्हणजे सेवनाची शिक्षा. व्यसनी म्हणजे अमली पदार्थावर अवलंबून झालेला. याचा अर्थ, मित्रांच्या नादाने एकदाच गांजा ओढलेला पोरगा इथे बसत नाही. कमी अडकला त्यालाच सूट नाही! खटकते, पण व्याख्या तशीच आहे.

अल्प प्रमाण ग्रॅमवर ठरते: गांजा १००० ग्रॅम, मेफेड्रोन २, नायट्राझेपाम २०. आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात 'बटन' म्हणून विकली जाणारी नायट्राझेपामची १० मिलिग्रॅमची गोळी घे. नुसते औषध मोजले तर २००० हून कमी गोळ्या अल्प ठरतील. पण हीरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मिश्रणाचे सगळे वजन धरायला सांगितले. गोळी १०० मिलिग्रॅमची असेल, तर हिशेब २०० वर येतो.

आता कलमातला 'किंवा' बघ. स्वतःच्या नशेसाठी चार गोळ्या विकणारा व्यसनी यात येतो का? एक वाचन म्हणते, नाही. कलमाचा हेतू उपचाराचा, धंद्याला सूट देण्याचा नव्हे. पण फक्त सेवनच अभिप्रेत असते तर कलम २७ पुरे होते, पुढचे शब्द वाया गेले असते. कायद्यात शब्द वाया धरत नाहीत. म्हणून तो येतो, असे मी मानतो. मोठा धंदा मात्र वेगळा: २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाच्या (डीआरआय) छाप्यात शहरात आणि पैठण एमआयडीसीत कोट्यवधींचा अमली माल सापडला. त्या व्यवहाराशी या कलमाचा संबंध नाही.

*...स्वेच्छेने, शासनाच्या वा स्थानिक संस्थेच्या, किंवा त्यांची मान्यता असलेल्या ठिकाणी उपचार घेईल, तर...*

खटल्याच्या भीतीने आलेला स्वेच्छेने आला म्हणायचे का? होय. कलमाची सुरुवातच आरोपीपासून आहे, म्हणजे भीती गृहीतच धरली आहे. ठिकाण म्हणजे घाटीसारखे शासकीय रुग्णालय. खासगी केंद्र असेल तर आधी मान्यतेचा कागद बघ.

*...खटला चालणार नाही. परंतु उपचार पूर्ण न केल्यास सूट काढून घेता येईल.*

'येईल' म्हणजे काढलीच पाहिजे असे नव्हे. तो विवेकाचा भाग. उपचार सोडणे आणि उपचार चालू असताना पुन्हा घसरणे या दोन गोष्टी आहेत. परंतुक पहिलीबद्दलच बोलते.