साडेतेरा तासांचा हिवाळा : ब्रिटनमधील दीर्घपल्ल्याच्या सायकलस्वारीचा इतिहास

ठरावीक मुदतीत दोनशे किंवा त्याहून अधिक किलोमीटर सायकल चालवण्याच्या ज्या प्रथेला आज जगभर ‘ऑडॅक्स’ म्हटले जाते, ती ब्रिटनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी या पावसाळी, काळोख्या महिन्यांतही नेमाने पाळली जाते; तिचा उगम मात्र इटलीतल्या जून महिन्यात झाला. १२ जून १८९७ रोजी बारा इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सकडे निघाले, आणि सुमारे २३० किलोमीटरांचे ते अंतर त्यांना सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या अवधीत कापायचे होते. धाडसी या अर्थाच्या शब्दावरून अशा स्वारांना ‘ऑडॅक्स’ हे नाव मिळाले. रोमच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस पंधरा तासांचा असतो आणि पाऊस बेताचाच पडतो. म्हणजे या प्रथेच्या पहिल्या कल्पनेत अंधाराला जागाच नव्हती आणि चिखलाचा विचार करण्याचे कारण नव्हते. पुढे ही कल्पना उत्तरेकडे सरकत ब्रिटनमध्ये पोहोचली आणि तेथे तिचे जे हिवाळी रूप घडले, ते मूळ कल्पनेपेक्षा इतके निराळे आहे की त्याचे श्रेय इटली-फ्रान्सइतकेच ब्रिटिश सायकल-क्लबांच्या जुन्या सवयींना द्यावे लागते.

मधला दुवा फ्रान्सचा आहे. ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू करणारे ‘लोटो’ या वृत्तपत्राचे संपादक आंरी देग्रांज यांनी १९०४ मध्ये ही कल्पना फ्रान्समध्ये रुजवली. तेथे स्वारांनी एका म्होरक्याच्या मागे, ठरलेल्या वेगाने, गटाने जायचे आणि शेवटी प्रत्येकाला ‘ब्रेवे’ म्हणजे अंतर पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळायचे, अशी रीत होती; पुढे अशा फेरीलाही ‘ब्रेवे’च म्हटले जाऊ लागले. पुढे देग्रांज आणि ‘ऑडॅक्स क्लब पारिझियें’ ही संस्था यांचे बिनसले, आणि १९२१ मध्ये त्या संस्थेने स्वतंत्र प्रकार सुरू केला. त्यात प्रत्येकाने आपापल्या वेगाने जायचे, वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, म्हणजे ‘कंट्रोल’वर, कार्डावर शिक्का घ्यायचा आणि मुदतीच्या आत पोहोचायचे, एवढेच बंधन राहिले. आजच्या नियमांप्रमाणे २०० किलोमीटरांना साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात, आणि पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याच्या सुमारे १२०० किलोमीटरांच्या फेरीला ९० तास. कोण पहिला आला याची नोंद महत्त्वाची मानली जात नाही. या नियमांतली खरी कठोर गोष्ट कागदावर दिसत नाही, ती अशी की मुदत ऋतूप्रमाणे बदलत नाही. डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये दिवस आठ तासांहून कमी असतो आणि एडिंबरोत सातच तासांचा. पूर्ण मुदत वापरणाऱ्या स्वाराला त्या दिवसांत दोनशे किलोमीटरांपैकी मोठा हिस्सा दिव्याच्या उजेडात काढावा लागतो.

ब्रिटनमध्ये ‘ऑडॅक्स यूके’ ही संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस फेरीत भाग घेऊ इच्छिणाऱ्या ब्रिटिश स्वारांना आवश्यक पात्रता-फेऱ्या मायदेशातच करता याव्यात, हा तिचा तातडीचा हेतू होता. मात्र फ्रेंच रोपट्याला जी जमीन मिळाली, ती शंभर वर्षे नांगरलेली होती. ‘बायसिकल टूरिंग क्लब’, जो पुढे ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ झाला, तो १८७८ मध्ये हॅरोगेट येथे स्थापन झाला होता, आणि त्या काळात रस्ता हाच सायकलस्वाराचा मोठा शत्रू होता. मॅकॅडमच्या पद्धतीने बांधलेले रस्ते म्हणजे बारीक खडीचे थर, जे वाहतुकीने दाबले जात आणि पाण्याने बसवले जात. कोरड्या दिवसांत त्यांची धूळ उडे आणि हिवाळ्यात वरचा थर पातळ चिखलात बदले. सायकल-संघटनांनी १८८६ मध्ये ‘रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ काढली ती याच त्रासातून. एडगर हूली यांनी डांबर-खडीच्या मिश्रणाचे पेटंट १९०२ मध्ये घेतले, आणि पुढच्या काही दशकांत मुख्य रस्ते पावसाला दाद देईनासे झाले. मोटारींसाठी रस्ते सुधारले असा जो समज रूढ आहे, त्यात सायकलवाल्यांची ही आधीची ओरड सहसा गाळली जाते.

खराब रस्त्यांशी झुंजणे ही एक सवय; दुसरी सवय घड्याळाशी झुंजण्याची. सार्वजनिक रस्त्यावर घोळक्याने शर्यत लावल्यास पोलीस सायकलींवरच बंदी आणतील, या भीतीने १८९० च्या सुमारास ब्रिटनमधील राष्ट्रीय सायकल-संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींना मनाई केली. त्यातून ‘टाइम ट्रायल’ म्हणजे एकेकट्या स्वाराने ठरावीक अंतर घड्याळाविरुद्ध कापण्याचा प्रकार जन्मला, एफ. टी. बिडलेक यांनी १८९५ मध्ये त्याला पहिले व्यवस्थित रूप दिले. अशी स्पर्धा उन्हाळ्याची, तर रविवारची क्लबफेरी बारमाही. हिवाळ्यात स्वार चांगली सायकल घरात टांगून ठेवत आणि जुनी, जड, मडगार्ड लावलेली ‘हिवाळी सायकल’ बाहेर काढत. पुष्कळदा ती ‘फिक्स्ड’ चाकाची असे, म्हणजे चाक फिरत असेपर्यंत पायडलही फिरतच राहत. अशा सायकलीत चिखलाने बिघडणारे भाग कमी असतात आणि निसरड्या रस्त्यावर मागच्या चाकाची पकड पायांना थेट जाणवते. हंगाम सुरू होण्यापूर्वी, फेब्रुवारी-मार्चच्या गारठ्यात, क्लब ‘रिलायबिलिटी ट्रायल’ घेत. त्यात शंभर मैल किंवा तेवढेच काही अंतर ठरल्या वेळात पार केले की पुरे. १९७६ मध्ये फ्रान्सकडून ‘ब्रेवे’ आली तेव्हा या माणसांना ती परकी वाटली नाही, कारण तिचे नावच तेवढे नवे होते.

या परंपरेचा सर्वांत कठोर आविष्कार म्हणजे वर्षभरातील अंतराचा विक्रम. ‘सायकलिंग’ या साप्ताहिकाने १९११ मध्ये एका वर्षात शंभर मैलांच्या सर्वाधिक फेऱ्या करण्याची स्पर्धा जाहीर केली आणि मार्सेल प्लेन्स यांनी ३४,३६६ मैल, म्हणजे सुमारे ५५,३०० किलोमीटर, कापून ती जिंकली. स्वाराने वाटेत भेटणाऱ्या माणसांकडून कार्डावर सह्या घेऊन ती पुराव्यादाखल पाठवायची, ही पद्धत होती आणि ब्रेवेच्या कार्डाशी तिचे साम्य लपत नाही. हा विक्रम स्वभावतःच हिवाळ्याचा होता. उन्हाळ्यात मोठे आकडे कोणीही जमवू शकतो, खरी घट जानेवारी-फेब्रुवारीत होते आणि ती भरून काढण्यासाठी पुढील महिन्यांत रोज जास्त मैल मोजावे लागतात. ब्रॅडफर्डचे वॉल्टर ग्रीव्ह्ज हे एक हात गमावलेले आणि शाकाहारी स्वार होते. यॉर्कशरच्या ओल्या, डोंगराळ मुलखात १९३६ साली त्यांनी ४५,३८३ मैल, म्हणजे सुमारे ७३,००० किलोमीटर, पूर्ण केले. एका हाताने ब्रेक, गिअर आणि ओले हँडल सांभाळणे म्हणजे काय, याचा विचार केल्यावर आकड्याहून अधिक विस्मय त्या हाताचाच वाटतो.

याच विक्रमामागे लागलेल्या टॉमी गॉडविन यांचे १९३९ हे वर्ष मात्र आणखी निराळे. जानेवारीच्या पहिल्या दिवशी पहाटेच ते निघाले, आणि ३१ डिसेंबरला त्यांच्या खात्यावर ७५,०६५ मैल होते, म्हणजे सुमारे १,२०,८०० किलोमीटर. रोजची सरासरी तीनशे तीस किलोमीटरांच्या वर पडते. त्यांचा सर्वांत मोठा दिवस २१ जूनचा, ३६१ मैलांचा होता. जास्तीत जास्त उजेड तेवढे जास्तीत जास्त अंतर, हा जुना इटालियन न्याय तेथेही लागू पडला. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेपासून युद्धकालीन काळोखबंदी सुरू झाली, सायकलीच्या दिव्यांवरही झाकण आले, आणि त्यानंतरचे शरद आणि हिवाळ्याचे महिने त्यांनी जवळजवळ दिव्याविना, भिजत आणि गोठत काढले. त्यांच्या सायकलीवर नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचे ‘हब गिअर’ होते. अशा यंत्रात दाते चाकाच्या मधल्या बंद डब्यात असतात, त्यामुळे पाणी आणि खडीचा चिखल त्यांच्यापर्यंत फारसा पोहोचत नाही. उघड्या साखळी-गिअरपेक्षा ते जड असले तरी ओल्या वर्षासाठी योग्यच होते. पुढे २०१६-१७ मध्ये अमेरिकेतील अमांडा कोकर यांनी फ्लॉरिडातल्या एका सपाट उद्यानात छोट्या चक्राकार मार्गावर फिरत ८६,५७३ मैलांपर्यंत हा आकडा नेला. मैल मैलच असतात, परंतु ऊबदार सपाटीवरचे मैल आणि इंग्लंडमधल्या डिसेंबरच्या रात्रीचे मैल एकाच स्तंभात मांडताना इतिहासकाराने थोडे थबकावे, असे म्हणावेसे वाटते.

सायकलीच्या घडणीवर हवामानाचा ठसा कसा उमटला, हे मडगार्डवरून कळते. पुढचे चाक रस्त्यावरचे पाणी उडवते ते पायांवर आणि साखळीवर येते, मागचे चाक उडवते ते स्वाराच्या पाठीवर आणि त्याहून वाईट म्हणजे मागून येणाऱ्याच्या तोंडावर. म्हणून गटात चालताना लांब मडगार्डाच्या टोकाला रबराचा ‘फ्लॅप’ लावणे ही शिष्टाचाराची बाब ठरली. ऑडॅक्स यूकेच्या कॅलेंडरमध्ये ज्या फेऱ्यांना मडगार्ड सक्तीचे असे, त्यांच्यापुढे स्वतंत्र खूण छापली जाई. शर्यतीच्या सायकली चालवणाऱ्या तरुणांना ती जाचक वाटे, आणि या वादात वयस्कांची बाजू निःसंशय बरोबर होती. पावसासाठी ब्रिटिश स्वार दीर्घकाळ ‘केप’ वापरत. हा अंगावरून हँडलपर्यंत ताणलेला जलरोधक कापडाचा सैल घेर असे. आपल्याकडचे भातशेतीतले इरले ज्याप्रमाणे वरचे पाणी रोखते आणि खालून वारा खेळू देते, तोच त्याचा गुण. मात्र वाऱ्यात तो शिडासारखा फुगे आणि स्वार रस्त्याकडेला ढकलला जाई. लॅंकशरमधील नेल्सन गावी कॅरॅडाइस यांनी १९३० च्या दशकात जाड मेणकापडासारख्या सुती कापडाच्या पिशव्या बनवायला सुरुवात केली, आणि सीटमागे आडवी बांधलेली ती पिशवी हिवाळी ब्रिटिश सायकलीची ओळखच बनली.

उजेडाचा प्रश्न अधिक अवघड होता. टायरच्या कडेला घासून फिरणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो पावसात घसरतो आणि नेमका गरजेच्या वेळी दिवा मंद होतो. यावर उपाय म्हणून डायनॅमो चाकाच्या मध्यभागीच बसवण्याची कल्पना निघाली. स्टर्मी-आर्चरचा ‘डायनोहब’ १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आला, तर पुढे जर्मनीतील ट्यूबिंगेनच्या विल्फ्रीड श्मिट यांनी १९९० च्या दशकात अशा हबची हलकी आणि अधिक कार्यक्षम आवृत्ती आणली, ती दीर्घपल्ल्याच्या स्वारांनी चटकन स्वीकारली. एलईडी दिव्यांनंतर रात्रीचा हा प्रश्न जवळजवळ सुटला. ब्रेकची गोष्टही याच वळणाची आहे. क्रोम चढवलेल्या पोलादी रिमवर ओले रबर घासले जाई तेव्हा ब्रेक लागलेच नाहीत असे वाटे, आणि ही धोकादायक खोड ॲल्युमिनियमच्या रिम आणि नंतर डिस्क ब्रेक आल्यावर गेली.

हिवाळी फेरीतले कंट्रोल बहुधा साधे असतात, आणि तीच त्यांची गंमत आहे. गावाचे सभागृह, रस्त्याकाठचा कॅफे, पेट्रोल पंप, यांपैकी काहीही चालते. शिक्का नसेल तर खरेदीची पावती, ज्यावर वेळ छापलेली असते, तीच हजेरी मानली जाते. जेथे कोणीच नसते तेथे ‘इन्फर्मेशन कंट्रोल’ ठेवतात, म्हणजे रस्त्याच्या पाटीवर अमुक गाव किती मैल लिहिले आहे यासारख्या प्रश्नाचे उत्तर कार्डावर लिहायचे. पावसाने कार्डाचा लगदा होऊ नये म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत ठेवण्याचा रिवाज आहे. ऑडॅक्स यूकेने हिवाळ्याला आणखी एक निमित्त दिले ते ‘रँदोनर राउंड द इयर’ या सन्मानाने : सलग बारा महिने, प्रत्येक महिन्यात किमान एक दोनशे किलोमीटरची फेरी. बारापैकी आठ-नऊ महिने कोणीही निभावतो. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी हेच या साखळीचे नाजूक दुवे आहेत. स्वाराने स्वतः निवडलेल्या दिवशी ठरल्या मार्गावर एकट्याने फेरी करण्याचीही सोय संस्थेने ठेवली, त्यामुळे निदान वादळाचा दिवस टाळता येतो.

या मंडळींचा पावसाविषयीचा दृष्टिकोन एका भेदावर उभा आहे. रस्त्यावर बर्फाचा पातळ काचेसारखा थर असेल तर आयोजक फेरी पुढे ढकलतात किंवा रद्द करतात. नुसता पाऊस असेल तर सहसा नाही. शरीराच्या दृष्टीने मात्र कोरड्या हिमापेक्षा शून्याच्या थोड्या वर असणारा पाऊस घातक असतो, कारण भिजलेले कपडे ऊब धरत नाहीत, वारा अंगातली उष्णता काढून घेतो आणि थांबल्यावर थंडी अधिकच चढते. बोटे बधिर झाली की पंक्चर काढणेही अशक्य होते. पंक्चरेही याच दिवसांत जास्त होतात, कारण कुंपणाची काटेरी झुडपे छाटली जाऊन काटे रस्त्यावर पडतात आणि पाण्यामुळे गारगोटीची धार रबरात सहज घुसते. म्हणून हिवाळ्यात वेग हा निकष बाजूला पडतो आणि थांबा किती छोटा ठेवायचा, हातमोज्यांची दुसरी जोडी केव्हा काढायची, अशा बारीक गोष्टी निर्णायक ठरतात. पावसापुढे आयोजकांनी हात टेकल्याचे ठळक उदाहरण ऑगस्ट २०२५ मधले आहे : लंडन-एडिंबरो-लंडन ही चार वर्षांतून एकदा होणारी दीडएक हजार किलोमीटरांची फेरी ‘फ्लोरिस’ वादळामुळे मध्येच थांबवावी लागली, आणि तेही ऐन उन्हाळ्यात.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी येणारा संबंध अलीकडचा, पण खरा आहे. मुंबई आणि पुण्यासह राज्यातील अनेक शहरांतील क्लब पॅरिसच्या त्याच संस्थेच्या नियमांनुसार ब्रेवे भरवतात आणि येथील स्वार पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जातात. त्या संस्थेचे ब्रेवे-वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होते. तेव्हा इंग्लंडात मडगार्ड बसवले जातात, आणि सह्याद्रीत पाऊस संपून रस्ते कोरडे झालेले असतात, पहाटे गारवा असतो, म्हणजे ब्रेवेसाठी वर्षातले सर्वांत सोयीचे महिने सुरू होतात. येथील स्वाराला भिजण्याची परीक्षा द्यायची असेल तर ती जुलैत, घाटात द्यावी लागते. त्या पावसाचा जोर इंग्लंडमधल्या पावसाच्या कितीतरी पट असतो, पण थंडीची धार नसल्याने अंग गोठत नाही. मुदत मात्र दोन्हीकडे एकच, साडेतेरा तासांची.