दूरच्या मुलाची हजेरी कोण घेतो?

आजच्या धाग्याचा विषय वरवर पाहता इतिहासाचा वाटणार नाही. घरबसल्या शिकवणारी एखादी लहानशी सरकारी आभासी शाळा समोर आली, तर ती आपल्या मुलासाठी योग्य आहे की नाही, हे पालकाने कशावरून ठरवावे? प्रश्न संगणकयुगातला भासतो. वस्तुतः तो शंभर वर्षांचा जुना आहे आणि त्याची उत्तरे निरनिराळ्या देशांच्या दप्तरांत नोंदलेली आहेत.

१९२२ साली न्यूझीलंडच्या शासनाने वेलिंग्टन येथे टपालाने शिकवणारी शाळा काढली. दुर्गम डोंगराळ भागातील शेतकऱ्यांची, दीपगृहांच्या रखवालदारांची मुले हे तिचे विद्यार्थी. आरंभी त्यांची संख्या शंभराच्या आसपास होती. धडा टपालाने जाई, उत्तरे टपालाने येत, शिक्षक ती तपासून परत पाठवी. शाळेला इमारत हवीच असे नाही, ही कल्पना येथे सरकारी खर्चाने सिद्ध झाली.

पण टपालात आवाज नसतो. ही उणीव ज्या बाईंना विशेषत्वाने जाणवली त्या ॲडलेड मीथ्के. दक्षिण ऑस्ट्रेलियातील माध्यमिक शाळांच्या त्या पहिल्या स्त्री-निरीक्षक. पुढे ‘फ्लाइंग डॉक्टर’ या विमानातून वैद्यकीय सेवा देणाऱ्या संस्थेच्या कामात त्या अग्रभागी होत्या. मध्य ऑस्ट्रेलियाच्या विराण गुरेपालन केंद्रांवर वाढणारी मुले बुजरी असतात, कारण त्यांना समवयस्कांची सोबतच नसते, हे त्यांनी हेरले होते. याच घरांत मात्र एक वस्तू असे : आल्फ्रेड ट्रेगर यांनी १९२९च्या सुमारास तयार केलेला, सायकलसारखे पायडल मारून वीज निर्माण करणारा बिनतारी संच. तो डॉक्टरला हाक मारण्यासाठी होता. त्याच संचावरून शिक्षकालाही हाक का मारता येऊ नये, हा मीथ्के यांचा साधा प्रश्न होता.

८ जून १९५१ रोजी ॲलिस स्प्रिंग्ज येथे ‘स्कूल ऑफ द एअर’चे रीतसर उद्घाटन झाले. आरंभीचे पाठ एकतर्फी होते : शिक्षक बोले, मुले ऐकत. लवकरच पाठानंतर प्रश्नोत्तरांची वेळ ठेवण्यात आली आणि मुले बोलू लागली. माझ्या मते या शाळेचा खरा जन्म त्या दिवशी झाला, उद्घाटनाच्या दिवशी नव्हे. शेकडो किलोमीटर दूरच्या मुलाचा आवाज इतर मुलांना ऐकू येऊ लागला. वर्गमित्र म्हणजे काय, हे कित्येकांना प्रथमच कळले असावे.

या शाळेची व्यवस्था नीट पाहावी, कारण पालकाला उपयोगी पडणारे बहुतेक धागे तिच्यातच सापडतात. एक म्हणजे, रेडिओवरील पाठ हा कधीच संपूर्ण शिक्षण मानला गेला नाही. तो टपालाने येणाऱ्या अभ्यासाला जोड म्हणून होता. दुसरे, प्रत्येक घरात मुलाशेजारी बसणारे एक मोठे माणूस गृहीत धरलेले होते. बहुधा आई, ऐपत असल्यास नेमलेली शिक्षिका. शाळेचे यश सांगताना या आयांच्या श्रमांचा उल्लेख पुष्कळदा एका ओळीत आटोपला जातो, आणि ते न्याय्य नाही. तिसरे, शिक्षक मुलांच्या घरी जाऊन भेटत आणि मुलांनाही अधूनमधून गावात एकत्र आणले जाई. रेडिओच्या जागी पुढे उपग्रह आणि संगणकाचा पडदा आला, तरी ही चौकट फारशी बदललेली नाही.

आता याच्या उलट उदाहरण. सप्टेंबर १९३७मध्ये पोलिओच्या साथीमुळे शिकागोच्या शाळा उघडता आल्या नाहीत. अधीक्षक विल्यम जॉन्सन यांनी स्थानिक रेडिओ केंद्रांच्या मदतीने तिसरी ते आठवीच्या सुमारे ३,१५,००० मुलांसाठी पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ सुरू केले. वेळापत्रक व प्रश्न वर्तमानपत्रांत छापून येत. योजना धडाडीची होती, यात शंका नाही. परंतु कोणाच्या घरी रेडिओ नव्हता, कोणाचा खरखरत होता, आणि मागे पडलेल्या मुलाला थांबवून विचारण्याची सोय नव्हती. पहिल्याच दिवशी मदतीच्या दूरध्वनीवर हजाराहून अधिक पालकांचे फोन आले. तीन आठवड्यांच्या आत शाळा उघडल्या. तंत्र जवळपास तेच होते. पण ॲलिस स्प्रिंग्जच्या शिक्षकाला मुलाचे नाव आणि आवाज ठाऊक होता, शिकागोच्या निवेदकाला तो ठाऊक असणे शक्यच नव्हते.

सर्वांत बोलके प्रकरण मात्र ओहायोचे. तेथे सार्वजनिक निधीवर चालणारी एक आभासी शाळा २००० साली सुरू झाली : ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो’. तिने पंधरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा दावा केला आणि दर विद्यार्थ्यामागे शासनाचे पैसे घेतले. २०१६मध्ये शासनाने संगणकावरील प्रत्यक्ष सहभागाच्या नोंदी मागितल्या, तेव्हा पूर्णवेळ विद्यार्थ्यांची संख्या सहा हजारांच्या थोडी वरच भरली. शाळेचा बचाव वाचनीय आहे. कायद्याने आमच्यावर ९२० तासांचे शिक्षण उपलब्ध करून देण्याचे बंधन आहे. मुलाने ते घेतलेच पाहिजे असे नाही! जानेवारी २०१८मध्ये, ऐन सत्राच्या मध्यावर, शाळा बंद पडली. सुमारे बारा हजार मुलांना रातोरात दुसरी शाळा शोधावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेविरुद्ध निकाल दिला.

हा अपवाद होता का? २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने अमेरिकेतील सार्वजनिक आभासी सनदी शाळांची पाहणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या सरकारी शाळांतील तशाच मुलांशी तुलना करता, या शाळांतील मुले वर्षभरात सरासरीने वाचनात ७२ दिवसांच्या आणि गणितात १८० दिवसांच्या शिक्षणाइतकी मागे पडली होती. अमेरिकेत शाळेचे वर्षच साधारण १८० दिवसांचे असते. त्याच वेळच्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले, की या शाळांतील मुलाला आठवडाभरात मिळणारे थेट अध्यापन नेहमीच्या शाळेत एका दिवसात मिळते त्याहूनही कमी होते. या सरासऱ्या आहेत. काही शाळा चांगल्याही होत्या. तरीही सरासरी एवढी खाली असेल, तर आपली शाळा निराळी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी शाळेवर येते, पालकावर नव्हे.

इतिहासाच्या वर्गात साधन वाचताना विचारायला शिकवतात : हा कागद कोणी लिहिला, कशासाठी, आणि त्याने काय गाळले? शाळेचे माहितीपत्रक हेही असेच एक साधन. त्यात मंच, व्हिडिओ, ‘कधीही, कुठेही’ असते. गाळलेले असते ते हजेरी कशी मोजतात, गेल्या वर्षी किती मुले मध्येच सोडून गेली, आणि घरातल्या मोठ्या माणसाने रोज किती तास द्यायचे. आई-वडील दोघेही नोकरीवर असतील, तर हा शेवटचा मुद्दा बाकी सर्वांवर मात करतो. शाळा लहान असणे हा गुण खरा, कारण शिक्षक मुलाला ओळखतो. पण एका शिक्षकाच्या जाण्याने एखादा विषयच बंद पडू शकतो, हेही लहानपणाबरोबरच येते.

आपल्याकडे ३१ ऑगस्ट २०२२ रोजी दिल्ली सरकारने नववी ते बारावीसाठी आभासी शाळा जाहीर केली आणि ती देशातील पहिली असल्याचे म्हटले. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने लगेच खुलासा केला, की आमची आभासी शाळा २०२१मध्येच सुरू झाली आहे. ‘पहिली’ कोण यावर त्या आठवड्यात पुष्कळ शाई खर्च झाली. आठवड्यातून किती तास शिक्षक मुलाशी नाव घेऊन बोलणार, ही माहिती मात्र अशा घोषणांत सहसा नसते. ती फोन करूनच विचारावी लागते.