घरच्या गच्चीवरून चंद्र : एका साक्षीचा इतिहास

मंचर किंवा नारायणगावच्या एखाद्या घराच्या गच्चीवरून पौर्णिमेचा चंद्र उगवताना पाहिला, की तो हातभर अंतरावर आल्याचा भास होतो. शिवनेरीच्या कड्यावर तो चढला म्हणजे तर गडाएवढाच वाटतो. परंतु हेच दृश्य साध्या कॅमेऱ्याने टिपू गेल्यास छायाचित्रात टाचणीच्या माथ्याएवढा पांढरा ठिपका तेवढा उमटतो आणि टिपणाऱ्याचा विरस होतो. ह्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर असला, तरी तो आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे आणि आकाशात त्याने व्यापलेली जागा अवघी अर्ध्या अंशाची आहे. भिंगाचे नाभीय अंतर जितके असेल, त्याच्या सुमारे एकशेदहाव्या भागाएवढी चंद्राची प्रतिमा पडते. ५० मिलिमीटरच्या भिंगाने ती अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ३०० मिलिमीटरच्या टेलिफोटो भिंगाने पावणेतीन आणि ६०० मिलिमीटरच्या भिंगाने साडेपाच मिलिमीटरची होते. एवढ्या प्रतिमेत चंद्रावरची विवरे, पर्वतरांगा आणि लाव्ह्याची काळसर मैदाने स्पष्ट ओळखू येतात.

टेलिफोटो भिंगाचा शोध १८९१ साली लागला. इंग्लंडमध्ये डॅलमायर आणि जर्मनीत श्टाइनहाइल व मीथे अशा तिघांनी एकमेकांवर विसंबून न राहता ते तयार केले. लांब नळीचे काम आखूड नळीत करून घेण्याची ही युक्ती होती. पूर्वी ज्यासाठी वेधशाळेचा घुमट लागे, ते तिच्यामुळे पुढे खांद्यावरच्या पिशवीत मावू लागले.

बाकीची साधने थोडी आहेत. एक भक्कम तिपाई हवी आणि कळ दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून स्वयंचलित कळ वापरावी. पृथ्वी फिरत असल्याने चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, म्हणून प्रकाशनाचा काळ लांबवता येत नाही. तशी गरजही पडत नाही, कारण चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला खडक आहे आणि त्याला उन्हातल्या वस्तूइतकेच अल्प प्रकाशन पुरते. नवखी माणसे पौर्णिमेची वाट पाहतात. पण पौर्णिमेला सूर्याचे ऊन चंद्रावर समोरून पडते, सावल्या लोपतात आणि चंद्र पिठाच्या भाकरीसारखा सपाट दिसतो. शुक्ल सप्तमीपासून एकादशीपर्यंतचे दिवस खरे. तेव्हा उजेड आणि अंधार ह्यांच्या सीमेवर प्रत्येक विवराची कडा उजळलेली आणि तळ काळोखात बुडालेला असतो. सिमेंटची गच्ची दिवसभराची उष्णता संध्याकाळी बाहेर टाकते, तीमुळे प्रतिमा थरथरते; तेव्हा गच्ची निवेपर्यंत थांबलेले बरे. आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषातला भरत आलेला चंद्र जवळजवळ डोक्यावर येतो, हवेचा कमीत कमी थर मध्ये असतो आणि चित्र सर्वांत स्वच्छ येते. कुकडी आणि घोड नद्यांच्या खोऱ्यांत त्या दिवसांत पहाटे धुके उतरते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

आम्हांस येथे सांगायचे आहे ते ह्या कृतीहून थोडे निराळे आहे. असे चित्र हाती आले, की ते कशाची साक्ष देते? चंद्रावरून निघालेला उजेड सव्वा सेकंदात आपल्या भिंगात शिरला आणि त्याने ठसा उमटवला, एवढीच ती साक्ष. मार्च २०२३ मध्ये एका चिकित्सक वापरकर्त्याने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावले, खोलीत अंधार केला आणि एका नामांकित कंपनीच्या मोबाईलने त्या पडद्याचे छायाचित्र घेतले. पडद्यावर नसलेले तपशील मोबाईलच्या चित्रात उमटले. चंद्राची असंख्य चित्रे दाखवून शिकवलेली यंत्रणा ते भरत होती. त्यावर जगभर वाद झाला. हा वाद मोबाईलच्या युगातला वाटतो, पण चंद्राच्या चित्रांचा सगळा इतिहासच ह्या प्रश्नाभोवती फिरला आहे.

छायाचित्रणाची कला जाहीर झाली १८३९ साली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर ह्यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चंद्राची प्रतिमा घेतली. त्यासाठी सुमारे वीस मिनिटे लागली. १८५१ साली हार्वर्डच्या वेधशाळेतील मोठ्या दुर्बिणीतून व्हिपल आणि बाँड ह्यांनी घेतलेली चित्रे लंडनच्या महाप्रदर्शनात लोकांनी पाहिली. आमच्या विषयाला सर्वांत जवळचा पुरुष मात्र तिसराच आहे. लुईस रदरफर्ड हे व्यवसायाने वकील. वकिली सोडून त्यांनी न्यूयॉर्क शहरात स्वतःच्या घराच्या बागेत वेधशाळा बांधली. डोळ्यासाठी केलेले भिंग छायाचित्राला चालत नाही, कारण त्या काळची रासायनिक काच निळ्या-जांभळ्या उजेडालाच अधिक जागी होई. हे ओळखून त्यांनी केवळ छायाचित्रणासाठी भिंग घडवून घेतले आणि १८६५ साली चंद्राची जी चित्रे घेतली, ती पुढे अनेक वर्षे अप्रतिम मानली गेली. घरून चंद्र टिपण्याची परंपरा सांगायची तर ती येथून सांगावी.

तरीही त्या चित्रांत चंद्राचे बारकावे डोळ्याला दुर्बिणीतून दिसत तितके उतरत नव्हते. तेव्हा वाफेच्या हातोड्यासाठी प्रसिद्ध असलेले इंग्लंडमधील अभियंते जेम्स नॅस्मिथ ह्यांनी निराळा मार्ग धरला. वर्षानुवर्षे दुर्बिणीतून रेखाटने करून त्यांवरून त्यांनी चंद्रभूमीचे प्लास्टरचे नमुने केले, ते तिरप्या उन्हात ठेवले आणि त्यांची छायाचित्रे घेतली. जेम्स कार्पेंटर ह्यांच्यासह त्यांनी १८७४ साली काढलेल्या ग्रंथात ही चित्रे आहेत. चंद्रावरचे डोंगर आकसण्यातून झाले असावेत हे पटवण्यासाठी त्यांनी सुरकुतलेल्या हाताचे आणि सुकलेल्या सफरचंदाचे चित्रही शेजारी छापले. विवरे ज्वालामुखीतून झाली हा त्यांचा सिद्धान्त टिकला नाही. बहुतेक विवरे उल्काघातांची आहेत, हे आता ठरले आहे. तरी नॅस्मिथ ह्यांस आम्ही लबाड म्हणणार नाही. हे नमुने आहेत, असे त्यांनी ग्रंथातच सांगितले होते. मोबाईल तेवढेही सांगत नाही.

साक्षीतला हा प्रामाणिकपणा त्याहून जुन्या एका प्रसंगात दिसतो आणि तो आपल्या वाचकांना जवळचा वाटेल. १६१० साली गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिलेले चंद्राचे डोंगर जगापुढे मांडले. पुढच्या वर्षी कार्डिनल बेलार्मीन ह्यांनी रोममधील येशूसंघीयांच्या महाविद्यालयातील गणितज्ञांस विचारले, की हे खरे आहे काय? फादर क्लाव्हियस हे त्यांतले ज्येष्ठ. पोप ग्रेगरी तेरावे ह्यांनी १५८२ साली सुधारलेली दिनदर्शिका ज्यांच्या हातून तपासून गेली, तेच हे. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवर पास्काचा सण ठरतो, म्हणून चंद्राचा हिशेब त्यांच्या हाताखालचा होता. वृद्ध क्लाव्हियस आणि त्यांचे तीन सहकारी ह्यांनी २४ एप्रिल १६११ रोजी उत्तर दिले. गॅलिलिओला दिसले ते आम्हांलाही दिसते, असा त्याचा आशय. चंद्राचा पृष्ठभाग उंचसखल आहे ही गोष्ट मात्र फादर क्लाव्हियसना पटलेली नव्हती. काही भाग दाट व काही विरळ असल्याने तसे दिसत असावे, असे त्यांस वाटे. उत्तरात हा मतभेद लपवला गेला नाही. इतरांचे मत निराळे आहे आणि अजून निश्चित सांगता येत नाही, अशी नोंद तेथेच आहे. काय दिसले आणि त्याचा अर्थ काय लावला, ह्या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. फादर क्लाव्हियस १६१२ साली वारले. १६५१ साली बोलोन्याचे फादर रिच्चोली ह्यांनी फादर ग्रिमाल्डी ह्यांच्या नकाशावर चंद्राच्या विवरांस नावे दिली, ती आजही चालतात. चंद्र गुळगुळीत आहे असे मानणाऱ्या क्लाव्हियस ह्यांच्या वाट्यास त्यांतले सर्वांत मोठ्या विवरांपैकी एक आले! त्याचा व्यास सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक आहे.

आता पुणे जिल्ह्याकडे वळू. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला ह्यांच्यापाशी २० इंची परावर्तक दुर्बीण होती. त्या काळी हिंदुस्थानात तेवढी मोठी दुसरी नव्हती. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा ते सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ देऊन होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तेथेच होती. पुणे प्लेगने हैराण झालेले असताना ही मंडळी उघड्या माळावर काचा तयार करीत होती. त्या चित्रांत मधोमध चंद्रच असतो, मात्र काळा. त्याच्याभोवतीचा सूर्याचा मुकुट दिसावा म्हणून त्याचा तेवढा पडदा. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसावर टेकलेली विद्या त्याच्याबरोबर गावातून उठली, ह्याचे आम्हांस आजही वाईट वाटते. पुण्यात हौशी अभ्यासकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली ती १९४४ साली.

चंद्राचा पडदा करण्याची हीच कल्पना पुढे रेडिओ-खगोलशास्त्रात कामी आली आणि तेथून आपण थेट खोडदला येतो. रेडिओ दुर्बिणीची नजर स्थूल असते. आकाशातील लहरी नेमक्या कोठून येतात हे तिला नीट सांगता येत नाही. पण चंद्र त्या उगमावरून सरकला, तर लहरी कोणत्या क्षणी थांबल्या ह्यावरून जागा अचूक काढता येते. १९६२ साली ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथे सिरिल हॅझर्ड ह्यांनी अशा रीतीने एका उगमाचे स्थान ठरवले आणि त्यातून पुढच्या वर्षी क्वेसारचे गूढ उकलले. डॉ. गोविंद स्वरूप ह्यांनी ही रीत मनाशी धरून उटीजवळ डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली; ती १९७० साली सुरू झाली. उताराचा कल त्या स्थळाच्या अक्षांशाइतका, म्हणून एका अक्षावर फिरून ती चंद्राचा मागोवा तासन्‌तास घेऊ शके. चंद्राची कडा हे तिचे सर्वांत तीक्ष्ण हत्यार होते.

त्याच स्वरूप ह्यांनी पुढे जुन्नर तालुक्यातील खोडद निवडले. डोंगरांचा आडोसा, शहरी गोंगाटापासूनचे अंतर आणि दक्षिणेचे आकाशही आवाक्यात ठेवणारा अक्षांश ह्या त्याच्या जमेच्या बाजू. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या; त्यांतील १४ मध्यभागी आणि १६ तीन दिशांस सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. तारांच्या जाळीने बनवल्यामुळे त्या हलक्या आणि स्वस्त झाल्या. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही जीएमआरटी दुर्बीण राष्ट्रास अर्पण झाली. तेथील चित्र कोणी एका क्षणात टिपत नाही. तीसही तबकड्यांवर पडलेल्या लहरी दोन-दोन करून ताडून पाहतात, पृथ्वी फिरते तशा तबकड्यांच्या जोड्या दिशा बदलतात आणि कित्येक तासांच्या नोंदींतून गणिताने चित्र जुळते. जुळवलेले असले तरी ते खरे असते, कारण त्यातला कण न्‌ कण आकाशातून आलेला आहे. जे आकाशातले नाही ते मोबाईल, वाहनांच्या ठिणग्या आणि विजेची उपकरणे ह्यांतून येते. ते बाहेर ठेवण्यासाठी तेथे सतत झगडावे लागते. दुर्बिणीच्या आवारात मोबाईल बंद ठेवावा लागतो तो ह्यासाठी. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनास जुन्नर-आंबेगावच्या शाळांतील मुले खोडदला लोटतात, तेव्हा त्यांस ही गोष्ट आवर्जून दाखवावी असे आमचे मत आहे.

गच्चीवरचे उत्तम चित्रही अलीकडे ह्याच रीतीने होते. मे २०२१ मध्ये पुण्यातील सोळा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने कृष्ण पक्षातील अर्धचंद्राचे घरून घेतलेले चित्र देशभर गाजले. त्याने लहान दुर्बिणीला कॅमेरा जोडून रात्री चार तासांत पन्नास हजारांहून अधिक प्रतिमा घेतल्या. त्यांचा साठा १८६ जीबी भरला. वाऱ्याने थरथरलेल्या प्रतिमा गाळून, स्थिर त्या एकावर एक रचून त्याने तुकडे जोडले. चंद्रभूमीतील खनिजांचे फिके रंगही त्याने गडद केले. हे फसवणुकीत मोडत नाही, कारण त्याने मूळच्या उजेडालाच उठाव दिला. टेलिफोटो भिंग असलेल्या कोणासही हे करता येते. पन्नास-शंभर प्रतिमा घेऊन त्यांची बेरीज केली तरी एका प्रतिमेत न दिसणारे तपशील वर येतात. मात्र चित्राखाली तारीख, वेळ, गाव, भिंग आणि किती प्रतिमा रचल्या हे लिहावे. जुन्या वेधशाळांच्या काचांवर तशी नोंद असे, म्हणूनच त्या आज उपयोगी पडतात.

शुक्ल दशमीच्या सुमारास, रात्री चंद्र डोक्यावर आला असता, त्याच्या दक्षिण टोकाकडे भिंग लावावे. उजेडाच्या सीमेपाशी एक प्रशस्त विवर दिसेल, ते क्लाव्हियस. त्याच्या पोटात लहान विवरांची एक कमान आहे आणि ती दक्षिणेकडच्या भिंतीपाशी सुमारे पन्नास किलोमीटर व्यासाच्या एका विवरापासून सुरू होते. त्या विवराचे नाव रदरफर्ड. न्यूयॉर्कच्या घरातून चंद्र टिपणाऱ्या वकिलाचेच ते नाव आहे.